पंखांचे कासव आणि काठावरचे कुंपण

शालेय विज्ञान प्रदर्शनांतल्या प्रतिकृती आता आपल्या सर्वांच्या चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन, पावसाच्या पाण्याची साठवण ही मंडळी दरवर्षी हजर असतात. त्यांच्या जोडीला 'आदर्श अभयारण्य' हीही एक प्रतिकृती असते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात अशीच एक प्रतिकृती पाहिली. ती नेहमीपेक्षा वेगळी होती आणि तिच्यात जे चुकले होते ते मात्र नेहमीचेच होते. म्हणून तिची थोडी सविस्तर समीक्षा करावीशी वाटते. यात मुलांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. चूक बहुतांशी आपल्या शिकवण्यातली आहे.

आठवीच्या चार मुलामुलींनी एका काल्पनिक देशाचा समुद्रकिनारा केला होता. पुठ्ठ्यावर निळा रंग, त्यावर स्पंजाची लाल-गुलाबी प्रवाळे, नदीच्या मुखाशी खराट्याच्या काड्यांची खारफुटी. पाण्यात रात्री उजळणारे मासे होते आणि मधोमध पंख असलेले एक मोठे कासव होते. या सगळ्याभोवती, पाणी आणि वाळू जिथे मिळतात त्या रेषेवर, आइस्क्रीमच्या काड्यांचे कुंपण होते. दाराशी एक पहारेकरी आणि 'प्रवेश बंद' अशी पाटी.

सोलापूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेतही पावणेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. या चौघांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. तरीही त्यांना समुद्र राखावासा वाटला, याचे कौतुक आधी केले पाहिजे.

प्रतिकृतीपाशी थांबलेल्या बहुतेक मोठ्या माणसांचा आक्षेप एकच होता: विज्ञान प्रदर्शनात पंखांचे कासव कशाला? मला पंख खटकले नाहीत. मला खटकले ते कुंपण.

मी विचारले, "हे कासव अंडी कुठे घालते?"

"वाळूत."

"आणि वाळू तर कुंपणाच्या बाहेर आहे. मग?"

मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, त्याला पंख आहेत की! उडून जाईल."

उत्तर उत्तम होते. पण त्यातून लगेच पुढचा प्रश्न निघतो. पिल्लांना पंख केव्हा फुटतात? अंड्यातून बाहेर आल्याबरोबर फुटत नसतील, तर पिल्लांनी कुंपण ओलांडून पाण्यात कसे जायचे? यावर चौघांची आपापसांत चर्चा सुरू झाली. त्या पाच मिनिटांत त्या टेबलापाशी जेवढे विज्ञान झाले, तेवढे प्रतिकृती तयार करताना झाले नसावे.

काल्पनिक जग तपासण्याची कसोटी इथेच सापडते. कल्पना करणाऱ्याने काहीही निर्माण करावे, पण निर्माण केलेल्या गोष्टीचे परिणाम त्याला टाळता येत नाहीत. पंख दिले तर उडण्याला लागणारी ऊर्जा कुठून येते, हे सांगावे लागते. उजळणारे मासे ठेवले तर तो उजेड पाहून त्यांना खायला कोण येते, हेही सांगावे लागते. या प्रतिकृतीतला दोष अद्भुतपणाचा नव्हता. तिच्यातल्या कोणत्याही गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीशी संबंध नव्हता, हा तिचा दोष होता.

हा दोष मोठ्या लेखकांनाही चुकलेला नाही. ज्यूल व्हर्न यांच्या १८७४ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीत दक्षिण पॅसिफिकमधल्या एकाकी बेटावर ओरांगउटान भेटतो. हा वानर निसर्गतः फक्त बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवर आढळतो. कोणते प्राणी कोणत्या बेटावर आहेत आणि का, याची चर्चा करणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा मलय द्वीपसमूहावरचा ग्रंथ त्याआधी पाच वर्षे, १८६९ मध्ये, आलेला होता. तरी व्हर्न वाचताना आपण अडखळत नाही, कारण ती गोष्ट माणसांच्या हिकमतीची आहे आणि प्राणी तिच्यात केवळ सोबतीला आहेत. अभयारण्याच्या गोष्टीत मात्र प्राणी आणि त्यांचा अधिवास हेच मुख्य पात्र असते. तिथे ही सवलत घेता येत नाही.

आता प्रतिकृतीकडे वळू. पहिली चूक नदीच्या मुखाशी आहे. तिथे मुलांनी खारफुटी आणि प्रवाळ अगदी शेजारी शेजारी लावले होते. दोन्ही समुद्रकाठची, दोन्ही पुस्तकात एकाच पानावर, म्हणून प्रतिकृतीतही एकाच जागी. पण दोघांच्या गरजा उलट आहेत. प्रवाळाच्या शरीरात एकपेशीय शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो, आणि वरून बसणारा गाळ प्रवाळाला गुदमरवतो. खारफुटीला मात्र गाळ हवाच असतो. भरती-ओहोटीच्या चिखलात ती उभी राहते. त्या चिखलात हवा नसते म्हणून अनेक जातींची मुळे श्वास घेण्यासाठी वर डोकावतात. खारफुटीच्या मुळांत गाळ अडतो, त्यामुळे पलीकडचे पाणी थोडे निवळते. म्हणजे ही दोन्ही एका किनाऱ्यावर असू शकतात, एकमेकांच्या उपयोगीही पडतात, पण एका जागी नव्हे. मधल्या अंतराला अर्थ आहे.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. तीन काचेचे पेले घ्या. पहिल्यात स्वच्छ पाणी ठेवा. दुसऱ्या व तिसऱ्यात अर्धा अर्धा चमचा आपली काळी माती ढवळा. तिसऱ्यात शिवाय एक चमचा मीठ विरघळवा. पाणी शक्यतो साठवलेले पावसाचे असावे, कारण बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात आणि फरक नीट दिसत नाही. पेल्यांमागे छापील कागद धरून दर दहा मिनिटांनी अक्षरे वाचून पाहा. खाऱ्या पाण्यातल्या मातीचे कण एकमेकांना चिकटून लवकर खाली बसतात. नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मिळते तिथे चिखलाची मैदाने तयार होतात, त्याचे एक कारण हे आहे. दुसरा पेला बराच वेळ गढूळ राहतो. प्रवाळाला तिथे का जगता येणार नाही, हे मुलांना मग सांगावे लागत नाही.

दुसरी चूक कुंपणाची. तिच्यासाठी काल्पनिक देश सोडून आपल्या खऱ्या किनाऱ्यावर जाऊ. मालवणचे सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभ्याचा भाग, आणि उरलेला २५.९४ चौरस किलोमीटर हा त्याभोवतालचा संरक्षक पट्टा. नकाशावर हे चित्र मुलांच्या प्रतिकृतीसारखेच नीटनेटके दिसते.

पण त्या गाभ्यात काय आहे ते पाहा. सिंधुदुर्ग किल्ला आहे, ज्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू झाले. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. जवळच पद्मगड आहे. भोवतीच्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळे आहेत. काठावर मालवणचे बंदर आणि रापणीचे पाणी आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. त्यात कष्ट सामाईक आणि वाटाही सामाईक. या पाण्यावर जगणाऱ्या मच्छीमारांनी अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला. आपला धंदा बंद होईल, ही त्यांची भीती होती.

ही भीती अडाणीपणाची होती असे मानण्याचे कारण नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लिहिताना डोळ्यांसमोर मुख्यतः जंगल होते. सागरी अभयारण्य ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, ही तरतूद त्या कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षे आधीची आहे. म्हणजे रेघ आधी ओढली गेली आणि रेघेच्या आत राहणाऱ्या माणसांचा विचार कायद्यात नंतर आला. प्रतिकृतीतही नेमका हाच क्रम होता. कुंपण होते, पहारेकरी होता, पण होडी नव्हती, जाळे नव्हते, घर नव्हते. मुलांना विचारले तेव्हा ती म्हणाली, "माणसे असली तर ते अभयारण्य कसले?" हे वाक्य त्यांनी कुठून तरी ऐकले आहे, आणि बहुधा आपल्याकडूनच.

शिवाय कुंपण पाण्याला अडवत नाही. माशांची व प्रवाळांची अतिसूक्ष्म पिल्ले प्रवाहाबरोबर कित्येक किलोमीटर वाहत जातात. बाहेरचा गाळ आत येतो, तेल येते, प्लास्टिक येते. उष्णता तर सर्वांत सहज येते. पाणी नेहमीपेक्षा जास्त काळ तापलेले राहिले की प्रवाळ आपल्यातली शैवले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. मालवणच्या प्रवाळांतही २०१४ नंतर असा रंग उडाल्याच्या नोंदी झाल्या आहेत. मच्छीमाराला दाराशी थांबवता येईल, पण तापलेल्या पाण्याला कसे थांबवणार? आणि जे 'प्रवेश बंद' पाटीने थांबतील असे आपण धरतो, ते पर्यटक तर किल्ल्याभोवती बुड्या मारून प्रवाळ पाहण्यासाठी मुद्दाम येतात. होडीचा नांगर प्रवाळावर पडला तर तेही नुकसानच आहे.

समुद्र दूरचा वाटत असेल तर आपल्या घरचे उदाहरण घेऊ. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. या आकड्याची कल्पना यावी म्हणून सांगतो: संपूर्ण सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा आहे. या रेघेच्या आत गावे होती, शेते होती, रस्ते होते. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि पक्ष्याविषयी आपुलकी वाटण्याऐवजी लोकांत राग साठला. पुढे या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केले गेले.

एवढ्या मोठ्या रेघेच्या आत पक्षी वाढला का? नाही. माळढोक बहुधा एका वेळी एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला आखूड गवताचा मोकळा माळ लागतो. कालव्याचे आणि बोअरचे पाणी आले, माळावर ऊस उभा राहिला, विजेच्या तारा ताणल्या गेल्या. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि वजनदार शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. नान्नजच्या माळावर आज काळवीट आणि लांडगे दिसतात. माळढोक दिसणे ही मात्र बातमी होते. अभयारण्य कागदावर मोठे होते. माळ मात्र प्रत्यक्षात लहान होत गेला.

म्हणून अभयारण्ये नकोतच, असा निष्कर्ष कोणी काढू नये. नान्नजला राखलेले गवताळ तुकडे नसते तर तिथले काळवीटही आज त्या संख्येने दिसले नसते. मालवणची रेघ नसती तर तिथल्या प्रवाळांचा विषयही निघाला नसता. रेघ ही सुरुवात आहे. आपण मुलांना ती शेवट म्हणून शिकवतो, हा माझा आक्षेप आहे.

मुलांच्या कासवाला उपयोगी पडेल असे एक उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात आहे. तिथे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालायला येतात. एक मादी साधारण शंभर अंडी वाळूत पुरते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री काढून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम सुरू केले. पहाटे किनारा फिरून घरटी शोधायची, अंडी काढून तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरायची, पिल्ले बाहेर आली की पाण्याकडे सोडायची. पुढे तिथे कासव महोत्सव होऊ लागला, पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले आणि कासवाबरोबर गावालाही चार पैसे मिळू लागले.

वेळासलाही कुंपण आहे. पण ते पाण्याच्या काठाने पसरलेले नाही. ते अंड्यांभोवती आहे, आणि पिल्ले बाहेर येईपर्यंतच्या सुमारे पन्नास दिवसांच्या कामाचे आहे. कोणापासून, कशाचे आणि किती दिवस रक्षण करायचे, हे ठरवून ते घातलेले आहे. आपल्या प्रतिकृतीतल्या कुंपणाला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते.

काही वेळा तर जागेला कुंपण घालण्याऐवजी काळाला घालावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. अनेक जातींचे मासे याच सुमारास अंडी घालतात. कायद्याच्या आधीपासून कोळी समाज पावसाळ्यात होड्या ओढून ठेवत आला आहे आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा पाण्यात उतरत आला आहे. खवळलेल्या समुद्राची भीती हे त्याचे मोठे कारण, पण त्यातून माशांना उसंत मिळते हेही खरे. प्रतिकृतीच्या टेबलावर एक दिनदर्शिका ठेवली असती तर हे दाखवता आले असते. पुठ्ठ्याच्या नकाशावर काळ दिसत नाही, ही त्या माध्यमाचीच मर्यादा आहे.

शेवटचा मुद्दा प्रतिकृतीत नसलेल्या एका गोष्टीचा. तिच्यातली नदी टेबलाच्या कडेपाशी सुरू होत होती. ती कुठून आली, हे मुलांनी ठरवले नव्हते. आपल्या जिल्ह्यातली मुले हा प्रश्न फार चांगल्या रीतीने सोडवू शकतात. भीमेचे पाणी उजनीत येते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहते, सीनेला बरोबर घेते, पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरात जाते. आपल्याला जवळचा समुद्र कोकणातला, पण आपल्या पाण्याचा समुद्र तो नव्हे. कृष्णेच्या मुखाशी खारफुटीचे अरण्य आहे, तिथे कृष्णा वन्यजीव अभयारण्य आहे आणि पाण्यात मासे पकडणारी रानमांजरे तिथे राहतात. तो त्रिभुज प्रदेश वरून येणाऱ्या गाळाने घडला. तो गाळ आता वाटेतल्या उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांत मोठ्या प्रमाणावर अडतो. धरणांनी आपली शेती उभी केली, हे आपण सोलापूरकर विसरू शकत नाही. पण त्याची किंमत दूरच्या एका किनाऱ्यालाही मोजावी लागते, हे मुलांना कळायला हवे. समुद्र न पाहिलेली आपली मुले एका सागरी अभयारण्याच्या वरच्या अंगाला राहतात.

शिक्षकमित्रांना माझी सूचना एवढीच आहे की, प्रतिकृतीच्या नावातला 'आदर्श' हा शब्द काढून टाकावा. आदर्श म्हटले की मुले अडचणी लपवतात, आणि परीक्षकही रंग व सुबकपणा पाहून पुढे जातात. त्याऐवजी काल्पनिक देश मुलांना खुशाल रचू द्यावा आणि काही प्रश्न मात्र सोडू नयेत. पाणी कुठून येते आणि आपल्याबरोबर काय आणते? कोणता प्राणी रेघ ओलांडतो, आणि केव्हा? रेघेच्या आत कोण माणसे राहतात, आणि उद्या त्यांचे पोट कशावर चालेल? बंदी कशाला, किती दिवस, आणि ती कोणी ठरवली? दहा वर्षांनी हे अभयारण्य यशस्वी झाले की नाही, हे काय मोजून कळेल? पाच प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे 'अजून ठरले नाही' अशी आली तरी चालेल. ते पाटीवर तसेच लिहावे.

त्या दिवशी निघताना मुलांनी मला थांबवले. कुंपणाच्या काड्या त्यांनी उपटल्या होत्या आणि वाळूच्या बाजूला एक लहान गोल करून पुन्हा रोवल्या होत्या. पहारेकऱ्याला होडीत बसवले होते. पिल्लांना पंख केव्हा फुटतात, याबद्दल मात्र दोघांचे दोघांशी पटत नव्हते. कासवाचे पंख मी तसेच राहू द्यायला सांगितले.